पाळी बदलताना

अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांची आपसात भांडणे का होतात, असे कुणाला विचारले तर उत्तराची सुरुवात बहुधा माणसांच्या नावांनी होते. अमकी सिस्टर तापट आहे, तमकी नव्या मुलींना काही शिकवत नाही, इन्चार्ज आपल्या माणसांना आधी ऑफ देते, नाइटचा स्टाफ काम मागे ठेवून निघून जातो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, रुग्णालय महापालिकेचे असो की खाजगी, तक्रारीचा सूर फारसा बदलत नाही. व्यवस्थापनाला हे उत्तर सोयीचे असते, कारण त्यावरचे उपाय स्वस्त असतात: एकीची दुसऱ्या वॉर्डात बदली, दुसरीला मेमो, आणि सगळ्यांसाठी संवादकौशल्यावर दोन तासांचे व्याख्यान. पुढील पानांचा विषय हीच भांडणे आहेत, आणि त्यांच्याकडे वळण्याआधी मला एकच मुद्दा मांडायचा आहे. अतिदक्षता विभागात परिचारिका ज्या गोष्टींवरून एकमेकींशी भांडतात, त्यांतल्या बहुतेक गोष्टींचा निर्णय रुग्णालयाने आधीच करून ठेवायला हवा होता. तो केलेला नसतो, म्हणून तो पाळीवरच्या दोघींवर येऊन पडतो. तो करण्याचा अधिकार त्या दोघींपैकी कुणालाच नसतो, आणि म्हणून त्याचे भांडण होते.

हे समजण्यासाठी या विभागातले काम साध्या वॉर्डापेक्षा कुठे वेगळे आहे ते पाहावे लागते. वॉर्डात एखादे काम अर्धा तास पुढे ढकलता येते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे सक्शन पुढे ढकलता येत नाही. रक्तदाब टिकवून धरणाऱ्या औषधाची सिरिंज पंपात संपत आली की पुढची तयार असावीच लागते, कारण मधल्या दोन मिनिटांतही दाब कोसळू शकतो. नाडी, दाब, ऑक्सिजन, लघवीचे प्रमाण, पंपाचा वेग यांची नोंद तासातासाला करायची असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचे असते, आणि तोंडात नळी, मानेत लाइन, छातीवर वायरी असलेल्या बेशुद्ध माणसाला वळवणे एकटीचे काम नाही. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन यांसारखी औषधे देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेने मात्रा तपासावी, असा चांगल्या विभागांत दंडक असतो. म्हणजे इथे प्रत्येकीला दिवसातून कितीतरी वेळा शेजारच्या बेडवरच्या सहकारिणीला हाक मारावी लागते, आणि ती येते ती आपला रुग्ण सोडून. दोघींचाही नाइलाज असतो. एकमेकींवाचून अडणाऱ्या कामातच एकमेकींचा राग येतो. जिथे प्रत्येकीचे काम सुटे आहे तिथे इतकी भांडणे होण्याचे कारणच नसते.

या विषयावरचा सर्वांत मोठा पुरावा २००९ साली प्रसिद्ध झाला. ‘कॉन्फ्लिकस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत २४ देशांतल्या ३२३ अतिदक्षता विभागांतील सुमारे साडेसात हजार डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी प्रश्नावली दिली गेली. ७१.६ टक्के लोकांनी आपल्या विभागात संघर्ष असल्याचे सांगितले. सर्वाधिक उल्लेख डॉक्टर-परिचारिका संघर्षाचा होता, ३२.६ टक्के. त्याच्या पाठोपाठ परिचारिकांमधला आपसातला संघर्ष, २७.३ टक्के. रुग्णाच्या नातेवाइकांशी होणारे वाद, ज्यांच्या बातम्या आपण जास्त वाचतो, ते त्यानंतर येतात. संघर्ष कशामुळे होतो या प्रश्नावर उत्तरे आली ती वैयक्तिक वैर, अविश्वास आणि संवादातल्या त्रुटी अशी, म्हणजे आपल्याकडच्या उत्तरांसारखीच. पण कोणत्या परिस्थितीत संघर्ष जास्त जाणवतो, हे संशोधकांनी आकडेमोड करून पाहिले तेव्हा वेगळेच घटक वर आले: आठवड्याला ४० तासांहून जास्त काम, १५ हून जास्त बेडचा विभाग, नुकतीच केलेली मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा, आणि विभागाची नियमित बैठक नसणे. संघर्षाचे कारण विचारले की माणसे माणसाकडे बोट दाखवतात, आणि आकडे बोट दाखवतात तास, बेड आणि बैठक यांच्याकडे. माझ्या मते या पाहणीचे मोल या तफावतीतच आहे.

यावर एक रास्त शंका निघू शकते. एका दिवसाच्या प्रश्नावलीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. थकलेल्या माणसाला साधे बोलणेही भांडण वाटू शकते, त्यामुळे जास्त तास काम करणाऱ्यांनी जास्त संघर्ष नोंदवला असेल. हे खरे आहे. पण या शंकेने मूळ मुद्दा कमजोर होत नाही. थकव्यामुळे साधे बोलणे लागत असेल, तर उपाय थकव्यावर करायला हवा, बोलण्याच्या पद्धतीवर नव्हे.

आता आपल्याकडचे गणित मांडून पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका बेडमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजा आणि सुट्ट्या भरून काढण्यासाठी ३० टक्के जादा संख्या हवी. दहा बेडच्या विभागाला तीन पाळ्यांसाठी रोज ३० जणी लागतात, आणि राखीव धरून ३९. ज्या विभागात एकीकडे सरसकट दोन रुग्ण दिले जातात आणि राखीव कुणीच नसते, तिथे हाच आकडा १५ वर येतो. ३९ आणि १५ यांच्यामधला फरक कागदावर रिक्त पदांचा असतो. विभागात तो रोज कुणाच्या तरी अंगावर पडतो: कुणाला दोनऐवजी तीन रुग्ण, त्यातला व्हेंटिलेटरवरचा कोणाकडे, एक जण आजारी पडली तर डबल ड्युटी कोणी करायची. हे वाटप इन्चार्ज सिस्टर करते, सरकारी भाषेत परिसेविका. माणसे वाढवून मागण्याचा तिचा अर्ज अधिसेविकेकडे आणि तिथून वर जातो आणि बहुतेकदा वरच राहतो. जागा भरणे तिच्या हातात नाही, बेड बंद ठेवणे तिच्या हातात नाही, नवा रुग्ण नाकारणे तर नाहीच. तिच्या हातात उरते ती फक्त टंचाईची वाटणी. ती तिने कितीही न्यायाने केली तरी ज्या मुलीच्या वाट्याला सलग तिसऱ्या दिवशी सर्वांत जड रुग्ण येतो, तिला त्यात पक्षपातच दिसणार. आणि आठ तास पाणी प्यायला बसता आले नाही, ही गोष्ट काही तिच्या मनाचा खेळ नसते.

या सगळ्याचे सर्वांत ठळक दर्शन पाळी बदलताना होते. परिचारिका जिला ‘ओव्हर’ म्हणतात त्या देवाणघेवाणीत रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला रुग्णाचा सगळा हिशेब सांगते: कोणते औषध किती वेगाने चालू आहे, कोणते रक्त पाठवले, रिपोर्ट कुठला यायचा आहे, लघवी किती झाली, नातेवाइकांशी डॉक्टर काय बोलले. मग क्रॅश कार्टवरची औषधे मोजून घ्यायची, नार्कोटिक्सच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टर ताब्यात द्यायचे. दोन गंभीर रुग्णांचा असा ओव्हर नीट द्यायला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात. पण कितीतरी ड्युटी लिस्टवर एक पाळी आठला संपते आणि दुसरी आठलाच सुरू होते. ओव्हरचा वेळ कुणाच्याच कामाच्या तासांत धरलेला नसतो. तो दोघींनी आपल्या पदरचा द्यायचा असतो.

त्यात ही रुग्णालये मुंबईच्या उपनगरांत आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या रुग्णालयांतल्या कित्येक परिचारिका वसई, नालासोपारा, विरारहून येतात, घाटकोपर-मुलुंडच्या डोंबिवली, कल्याण, बदलापूरहून. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून मध्य रेल्वेवर राहून अंधेरीत नोकरी करणे जमू लागले. पण या घडीत लोकल, मेट्रो आणि रिक्षा या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात. सकाळची लोकल वीस मिनिटे उशिरा आली, तर बारा तासांची नाइट संपवून उभी असलेली सिस्टर वीस मिनिटे अडकते, तिची परतीची गाडी चुकते, घरी मुलाची शाळेची वेळ चुकते. आलेली धापा टाकत आलेली असते, जाणारीचा संयम संपलेला असतो. मग इनपुट-आउटपुटची बेरीज राहिली, चादर बदललेली नाही, सॅम्पल गेलेले नाही, अशा एकेका गोष्टीवर शब्दाला शब्द वाढतो. २६ जुलै २००५ किंवा २९ ऑगस्ट २०१७ च्या प्रलयात आधीची पाळी तशीच पुढे चालू राहिली, तर त्यात कुणी कुणाला दोष देत नाही. दोष दिला जातो तो रोजच्या वीस मिनिटांना, कारण त्यांची सोय कुणी लावलेली नसते. पाळ्या अर्ध्या तासाने एकमेकींवर चढवून तो अर्धा तास पगारी ठेवणे ही कितीतरी भांडणांवरची सरळ दुरुस्ती आहे. या दुरुस्तीला मानसशास्त्राची गरज नाही.

ड्युटी लिस्टचेही तसेच. गणपतीत कोकणातल्या मुलींना गावी जायचे असते, ओणम आणि ख्रिसमसला मल्याळी सिस्टरना, ईदला मुस्लिम मुलींना, दिवाळीत जवळजवळ सगळ्यांना. यादी आठवड्याच्या आदल्या संध्याकाळी लागत असेल, तर प्रत्येक सणाला कुणाला तरी दुसरीच्या पाया पडून ड्युटी बदलून घ्यावी लागते, आणि बदलून दिलेल्या ड्युटीची परतफेड झाली नाही की ती वर्षभर लक्षात राहते. यादी महिनाभर आधी लागली, गेल्या वर्षी कुणाला कोणता सण मिळाला याची नोंद भिंतीवर राहिली, तर हा व्यवहार उपकाराचा राहत नाही. सुट्टी देणे हा मर्जीचा विषय असेल, तोपर्यंत ज्यांची मर्जी सांभाळायची त्यांच्याभोवती गट पडणारच. या गटांना आपण राजकारण म्हणतो. त्याची मुळे बहुतेकदा त्या यादीच्या तारखेत सापडतात.

एकाच बेडशेजारी वेगवेगळ्या अटींवर उभ्या असलेल्या दोघींचा प्रश्न याहून जड आहे. करोनाच्या काळात अंधेरीच्या मरोळ भागातले सेव्हन हिल्स, गोरेगावचे नेस्को, मुलुंड आणि दहिसरची जम्बो केंद्रे भरली ती मोठ्या प्रमाणावर कंत्राटी मनुष्यबळावर. त्याआधी आणि त्यानंतरही कायम, कंत्राटी आणि एजन्सीमार्फत आलेल्या परिचारिका एकाच विभागात काम करताना दिसतात. काम तेच, जबाबदारी तीच, पगार वेगळा, रजा वेगळ्या, आणि उद्याची खात्री तर अगदीच वेगळी. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या तेव्हा खाजगी एजन्सीमार्फत भरतीला विरोध हा त्यांच्या मागण्यांचा गाभा होता. खाजगी क्षेत्राविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितले आणि त्या समितीने शिफारशी केल्या: २०० हून अधिक बेडच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, १०० हून अधिक बेड असतील तर त्यापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० बेडना जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान रुग्णालयांत किमान २० हजार रुपये. शिफारशी शिफारशीच राहतात तेव्हा त्यांचा परिणाम फक्त घरखर्चावर होत नाही. समान पगाराची अपेक्षा असलेली एक मुलगी जिला तो मिळतो तिच्या शेजारी रोज बारा तास उभी राहते. ‘तुम्ही कायमच्या आहात, तुम्हाला काय’ हे वाक्य तिथून येते.

संकट आले की हा फरक उघडा पडतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतरच्या कारवाईत वरिष्ठ डॉक्टरांचे निलंबन झाले, त्याबरोबर एक कायम परिचारिका निलंबित झाली, आणि दोन कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवण्यात आली. पुढे परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले, आणि काही दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. जून २०२१ मध्ये घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या तरुण रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदराने चावा घेतल्याचे उघडकीस आले आणि नंतर तो रुग्ण दगावला. तिथेही महापालिकेच्या कारवाईत परिचारिकांचे निलंबन होते. या प्रत्येक प्रकरणात कुणाची किती चूक होती, हा चौकशीचा आणि न्यायालयाचा प्रश्न आहे, आणि मृतांच्या घरच्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. मला इथे फक्त त्या कारवायांचा इतर हजारो परिचारिकांवर झालेला परिणाम पाहायचा आहे. वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, इमारतीची बिळे यांपैकी काहीही परिचारिकेच्या अखत्यारीत नसते. तरीही पाळीवर कोण होते, या प्रश्नात तिचे नाव पहिल्यांदा येते. हे ज्यांनी पाहिले, त्या पुढच्या पाळीत वहीत काय लिहितात? ‘मला ओव्हरमध्ये सांगितले नव्हते.’ ‘सांगूनही आल्या नाहीत.’ रुग्णासाठी लिहायची नोंद स्वतःच्या बचावासाठी लिहिली जाऊ लागते, आणि बचावाची प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणावर तरी आरोप असते. शिक्षा खालच्या माणसाला होईल अशी खात्री असलेल्या जागी विश्वास कसा टिकेल, हे मला तरी समजत नाही.

ज्येष्ठ आणि नवख्या परिचारिकांमधला संघर्ष हा या विषयातला सर्वांत जुना भाग. १९८६ साली ज्युडिथ मायस्नर या अमेरिकन परिचारिकेने आपणच आपल्या पिल्लांना खातो आहोत का, असा प्रश्न एका लेखाच्या मथळ्यातच विचारला, आणि तो प्रश्न जगभर पसरला. त्याआधी १९८३ मध्ये सुझन जो रॉबर्ट्स यांनी त्याचे स्पष्टीकरण मांडले होते: ज्या गटाला वरच्यांकडून सतत दाबले जाते, वर बोलण्याची सोय नसते, तो गट आपला राग आपल्याच माणसांवर काढतो. हे विवेचन मला बरेचसे पटते. पण मुंबईच्या उपनगरांत त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. अतिदक्षता विभागाचा अनुभव हा आखाती देश, ब्रिटन, आयर्लंडकडे जाण्याचा पासपोर्टच आहे. नर्सिंग पास झालेली मुलगी विभागात येते, वर्ष-दोन वर्षे शिकते आणि परीक्षा देऊन निघून जाते. तिला तो हक्क आहे, आणि जो पगार इथे मिळतो तो पाहता तिला कुणी बोल लावू नये. पण तिला व्हेंटिलेटरचे अलार्म ओळखायला, रक्तवायूचा रिपोर्ट वाचायला, अरेस्टच्या वेळी गोंधळून न जायला जिने शिकवले, त्या ज्येष्ठ सिस्टरला शिकवण्याच्या काळात एकही रुग्ण कमी दिलेला नसतो. तिच्या नोंदीत शिकवणे हे काम म्हणून लिहिलेलेच नाही. ती दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. एके दिवशी ती नव्या मुलीला म्हणते, ‘तुमचं तुम्ही शिका, मला कुणी शिकवलं?’ हे वाक्य क्रूर आहे. त्याच्यामागे दहा वर्षांची बिनहिशेबी शिकवणी आहे, हेही तितकेच खरे.

इथे एक कडक आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सगळा दोष व्यवस्थेवर टाकला, तर नव्या मुलीला चारचौघांत रडवणारी, तिच्या जातीवरून, रंगावरून, उच्चारावरून टोमणे मारणारी, मुद्दाम माहिती लपवणारी सिस्टर मोकळीच सुटते. छळ हा छळच असतो. माणसे कमी होती म्हणून तो माफ होत नाही, आणि त्यासाठी रुग्णालयात तक्रारीची अशी जागा हवी जिथे इन्चार्जच्याच विरुद्ध बोलायचे असेल तर इन्चार्जकडून जावे लागणार नाही. पण भांडण आणि छळ यांची सरमिसळ केली की दोन्हींकडे दुर्लक्ष होते. छळाला आपसातली कुरबुर म्हणून मिटवले जाते, आणि कामाच्या वाटणीवरच्या खऱ्या तक्रारीला स्वभावदोष म्हणून निकालात काढले जाते. ज्या विभागात माणसे पुरेशी आहेत, यादी वेळेवर लागते, ओव्हरला वेळ आहे, तिथेही एखादी व्यक्ती सतत इतरांना त्रास देत असेल, तर ती तिथे लगेच ओळखू येते. टंचाईच्या विभागात ती गर्दीत लपते. व्यवस्था सुधारली तर दोषी व्यक्ती लपवणे अवघड होते, हे या आक्षेपाला माझे उत्तर आहे.

भाषेचा प्रश्न याच नजरेने पाहावा. मे २०२० मध्ये मुंबईत खाटा होत्या आणि हात कमी होते, तेव्हा महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या, आणि तिथून आलेल्या पथकाने सेव्हन हिल्समध्ये काम केले. पण या शहराचे मल्याळी परिचारिकांशी नाते त्या साथीच्या कितीतरी आधीचे आहे. त्यांच्या आपसातल्या मल्याळममुळे मराठी, हिंदी, मणिपुरी बोलणाऱ्या मुलींना आपल्याला वगळल्यासारखे वाटते, ही तक्रार खोटी नाही. गंभीर रुग्णाच्या शेजारी सगळ्यांना कळेल अशी एक कामाची भाषा असायलाच हवी. तरी जून २०२१ मध्ये दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयाने मल्याळम बोलण्यावर बंदीचे परिपत्रक काढले आणि देशभर टीका होताच दुसऱ्या दिवशी ते मागे घेतले, त्यातून काय हाती लागले? ओव्हर कोणत्या भाषेत, हे ठरवण्याऐवजी जेवणाच्या सुट्टीतली भाषा ठरवायला जाणे हा चुकीच्या जागी घेतलेला निर्णय होता. जिथे ओव्हर ठरावीक क्रमाने होतो, रुग्णाची सद्यस्थिती, पूर्वेतिहास, परिचारिकेचे मत आणि पुढे काय करायचे, तिथे भाषेतली अडचण बरीचशी आपोआप कमी होते. कारण काय विचारायचे हे ऐकणारीला माहीत असते.

आणखी एक आक्षेप अनुभवी लोक घेतात आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. टंचाई सगळीकडे सारखीच, मग एका विभागात शांतता आणि शेजारच्या विभागात रोज तंटा, असे का? याचा अर्थ फरक माणसांचाच आहे, विशेषतः इन्चार्जचा. यातला पहिला भाग खरा आहे. चांगली इन्चार्ज असेल तर विभाग बदलतो. पण ती नेमके काय करते हे पाहिले, तर ती यादी लवकर लावते, जड रुग्ण आळीपाळीने देते, स्वतः एक बेड घेते, सगळ्यांसमोर ओरडत नाही, आणि महिन्यातून एकदा सर्वांना बसवून ऐकते. म्हणजे संस्थेने न घेतलेले निर्णय ती आपल्या हिमतीवर घेते. तिची बदली झाली, ती निवृत्त झाली की विभाग पुन्हा पूर्ववत होतो. एका बाईच्या चांगुलपणावर चाललेली गोष्ट ही त्या बाईची थोरवी असली, तरी रुग्णालयाची व्यवस्था म्हणता येत नाही. शांततेविषयीही सावध राहावे लागते. काही विभाग शांत असतात कारण तिथे कुणी बोलायला धजत नाही. दुसरीने भरलेल्या सिरिंजमध्ये मात्रा दहापट आहे हे जिच्या लक्षात आले, तिने ज्येष्ठतेचा विचार न करता ‘थांबा’ म्हणायला हवे. त्या क्षणाचे भांडण रुग्णाच्या जिवाचे रक्षण करते. बंद व्हायला हवीत ती सुट्टीवरची, उरलेल्या कामावरची, दोष कुणाच्या नावावर जाईल यावरची भांडणे. औषधाच्या मात्रेवरून होणारे भांडण विभागाने जपावे, शिकवावे. जिथे पहिल्या प्रकारच्या भांडणांत सगळी शक्ती खर्ची पडते, तिथे दुसऱ्या प्रकारचे भांडण करायला कुणाची छाती होत नाही, कारण त्यालाही वैराचाच वास येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. एका बेडमागे एक परिचारिका उपनगरातल्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमला परवडत नाही, असे चालक सांगतात, आणि महापालिकेची रुग्णालये रिक्त पदांकडे बोट दाखवतात. खर्च आहेच. पण दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेच्या कामाला विटून जाण्याची २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून हे प्रमाण बंधनकारक केले. अतिदक्षता विभागात तिथे एका परिचारिकेकडे दोनपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. तिथली रुग्णालये आपल्याहून श्रीमंत आहेत, त्यामुळे त्यांचा आकडा उद्या इथे आणा असे मी म्हणत नाही. तरीही सोडून गेलेल्या परिचारिकेच्या जागी नवी शोधणे, तिला शिकवणे आणि ती शिकेपर्यंत इतरांनी तिचे काम करणे यावर आज जो खर्च होतो, तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही म्हणून फुकट ठरत नाही. शिवाय यादी महिनाभर आधी लावायला, शिकवणाऱ्या सिस्टरकडे एक रुग्ण कमी द्यायला, जड आणि हलक्या रुग्णांची फिरती वाटणी ठरवायला लागते ती प्रामुख्याने इच्छा.

भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा जाऊन २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. नव्या रचनेत राज्य पातळीवर आयोग यायचे आहेत. त्यांच्यापुढे शिक्षण आणि नोंदणीचे प्रश्न असतील तसे नोकरीच्या जागेचेही असावेत, आणि त्यात अतिदक्षता विभागाच्या बैठकीसारखी साधी वाटणारी गोष्टही असावी. ‘कॉन्फ्लिकस’ पाहणीतले सगळे घटक पाहिले, तर बैठक हा त्यांतला सर्वांत स्वस्त. पण ती कधी घ्यायची हे ठरवतानाच तिचा निकाल लागतो. दुपारी दोनला घेतली तर नाइटवाल्या येत नाहीत. सकाळी आठला घेतली तर बारा तास उभ्या राहिलेल्यांना आणखी एक तास थांबवावे लागते, आणि त्यांना विरारची गाडी गाठायची असते. म्हणून बैठकीचा तास कामाच्या तासांत धरला पाहिजे, महिन्यातून दोनदा वेगवेगळ्या पाळीला सोयीच्या वेळी ती झाली पाहिजे, कंत्राटी आणि एजन्सीच्या मुलींनाही तिथे बसण्याचा पगार मिळाला पाहिजे, आणि मागच्या बैठकीत इन्चार्जने वर पाठवलेल्या मागण्यांचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत अधिसेविकेने स्वतः येऊन सांगितले पाहिजे.